बांधाच्या वळणावरचं भांडण

जाऊबाई, तेराव्याचं जेवण तुम्हाला आवडलं नसतं. वरणात मीठ कमी होतं. भजी सकाळीच तळून ठेवली होती, ती पंगत बसेपर्यंत रबरासारखी झाली होती. आचारी तुमच्या माहेरचा, म्हणून कोणी काही बोललं नाही. तुम्ही असतात तर त्याला पातेल्यासकट नदीपर्यंत पिटाळलं असतंत.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. शांत होत्या, सोशिक होत्या, कोणाला कधी दुखावलं नाही. मी मान वळवून तुमचा फोटो नीट बघून घेतला, चुकीच्या घरात तर जेवायला बसले नाही ना म्हणून. तुम्ही गाडी चालवत होतात हे एकानेही काढलं नाही. जणू तो तुमचा आजार होता आणि मेलेल्या माणसाचा आजार काढायचा नसतो.

तर तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, त्यासाठी हे लिहायला बसले. गेल्या रविवारी ट्रॅकवर एक गोष्ट झाली. ती तुम्हाला सांगायची तर आधीचं सगळं उगाळावं लागेल. ठाऊक असलं तरी ऐका. आता कुठे उठून जाणार आहात.

नदीकाठचा आपला तो तुकडा आठवा. मांजर्लीत सगळ्यांच्या शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आपला मात्र तसाच राहिला, कारण पाऊस जोराचा झाला की उल्हास नदी आधी आपल्याकडे चहाला यायची. बिल्डर यायचे, पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पाण्याची खूण बघायचे आणि आल्या गाडीने परत जायचे. मग एक दिवस उल्हासनगर कॅम्प पाचचा परमानंदभाई आला. त्याने पण ती खूण बघितली आणि म्हणाला, "पानी आता है तो आने दो. मैं कौनसा घर बांध रहा हूँ? ट्रॅक है, धो लेंगे." आणि भाताच्या खाचरांवर त्याने डांबराचा नागमोडी रस्ता टाकला. संध्याकाळी पोरांच्या बुटक्या गाड्या, आणि रविवारी सकाळी दीडशे सीसीच्या मोटारसायकली. त्यांचे दिवे, आरसे, भोंगे काढून टाकलेले. मला तर त्या तुळतुळीत हजामत केलेल्या मुंजीच्या मुलासारख्या दिसायच्या.

"धो लेंगे" म्हणाला खरा, पण धुतला कोणी? पहिल्याच पुरानंतर त्याची माणसं गाळ बघून पळाली आणि आपण दोघी खराटा, फावडं आणि पंपाचा पाइप घेऊन उतरलो. जमीन आपली, गाळ आपला, असा तुमचा हिशेब. त्या झाडलोटीतच तुम्ही तो ट्रॅक पाठ केलात, जाऊबाई. कुठे पाणी साचतं, कुठे डांबर किंचित उतरतं, कुठे गाळाखालूनही टायरांचा काळा पट्टा दिसतो. पोरं त्या पट्ट्याला लाईन म्हणायची. वळणाच्या बाहेरून आत यायचं आणि आतून पुन्हा बाहेर पडायचं, अशी गाडीची जी वाट असते ती. तुम्ही खराटा टेकून बराच वेळ तो पट्टा बघत राहिलात.

"आपल्या जमिनीवर परकी मानसं येऊन पडतात," चहा गाळता गाळता तुम्ही म्हणालात. "आपुन का नाय पडायचं?"

मला वाटलं, उन्हाने झालं असेल.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, अधिकाऱ्याची मुलगी, इंग्रजी चौथीपासून. पन्नाशी ओलांडलेली, आजी झालेली, आणि बाजारात भोपळा घेतानासुद्धा "यांना विचारून सांगते" म्हणणारी. भोपळेवालासुद्धा हसायचा. माझ्याकडे बिनगिअरची स्कूटर होती आणि मी स्वतःला फार धीट समजायचे, कारण तिच्यावरून मी एकटी स्टेशनपर्यंत जायचे. तुम्ही भाऊजींच्या जुन्या मोपेडवरून वर्षानुवर्षं भाजी बदलापूरच्या बाजारात नेलेली. तुम्ही धीट वगैरे काही समजायच्या नाहीत. तुम्हाला भाजी विकायची असायची.

परमानंदभाईच्या मोटारसायकलवर पहिल्या दिवशी मी काय केलं ते मैथिलीला सांगून तुम्ही तिला किती वर्षं हसवलंत. ती तुमची नात, तुमच्याच बाजूने हसणार. पण खरं आहे ते. मी दोन्ही पाय खाली सोडून, बदक पाण्यात उतरावं तशी अख्खा ट्रॅक फिरले. प्रत्येक वळणावर अंगठ्याने भोंगा शोधला. भोंगा नव्हता, तर तोंडाने "बाजू, बाजू" म्हटलं. समोर ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं. आणि सरळ रस्त्यावर आले तेव्हा टिकली सरकली का बघायला आरसा शोधला, तोही नव्हता, म्हणून मान वाकडी करून टाकीच्या चकाकीत बघायला गेले आणि थेट जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन बसले. टिकली जागेवर होती.

परमानंदभाई धावत आला. "भाभी, लगा क्या?"

"त्याला विचार," तुम्ही टायरांकडे बोट दाखवून म्हणालात.

हे मात्र मान्य करते की शिकवलंत तुम्हीच. परमानंदभाई सांगायचा ते बरोबर असायचं, पण त्याचं हिंदी आणि माझी भीती यांचं जमायचं नाही. मी सारखी पुढच्या चाकाखाली बघायचे. आपल्या रस्त्यांवर जन्म गेला, खड्डा बघायची सवय. तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "खाली नको बगूस. वलन जिथं सपतं तिथं बग. लावनी करताना वल सरल कशी येते? लांब बगून."

मी बिचारी घरी येऊन विचार करत बसले. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, "पण जाऊबाई, लावणी तर उलट्या पावलांनी मागे मागे सरकत करतात ना?"

"क्वार्टरवाली," तुम्ही म्हणालात, आणि गाडी चालू केलीत.

पोशाखाची गोष्ट राहिलीच. आपल्या मापाचा रेसचा सूट कुठे मिळेना, तेव्हा कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या मास्तरकडे परमानंदभाई आपल्याला घेऊन गेला. मास्तर आयुष्यभर पोरांच्या कंबरा मोजलेला. तुमचं माप घेताना टेप संपली. "दुसरी जोड," तुम्ही म्हणालात. "कापर पन जास्त घे. बाजारात भाजीवर सूट देताना आमी कंजुषी केली नाय, तू पन नको करूस." त्याने चामड्याचे दोन सूट शिवले. गुडघ्याला जाड थर, कोपराला जाड थर, आणि पोटापाशी दोन बोटं माया ठेवलेली, बाळंतिणीच्या पोलक्यासारखी. हे आमच्या यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पडलीस तर आधी डॉक्टरला फोन कर, मग मला."

गाडी यायला लागली. वळणाआधी वेग उतरवायचा, मग नजर पुढे, मग अंग आत झुकवायचं आणि सुटताना मूठ पिळायची. हळूहळू मला कळलं की सरळ रस्त्यावर मी तुमच्यापेक्षा वेगात असते. वजनाचा फरक, दुसरं काही नाही. मी तुमच्या मागच्या चाकाला येऊन चिकटायचे. आणि मग माझी मूठ आपोआप सैल व्हायची.

कारण तुम्ही पुढे होतात. थोरल्या जाऊच्या पुढे धाकटी जाते का? तुमचं ताट वाढल्याशिवाय मी कधी ताट घेतलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही दारात चपला काढून आत शिरेपर्यंत मी बाहेर उभी. हळदीकुंकवाला आधी तुमचं कपाळ, रिक्षात आधी तुमची सीट. एवढी वर्षं अंगात मुरलेलं ते हेल्मेट घातलं म्हणून जातंय थोडंच? एकदा तर बांधाच्या वळणापाशी मी हेल्मेटमध्ये स्पष्ट म्हटलं, "जाऊ का पुढे?" आणि उत्तर आलं नाही म्हणून मागे राहिले. काय बाई होते मी. ताशी ऐंशीच्या वेगाने परवानगी मागत होते.

परमानंदभाईने कपाळाला हात लावला. "भाभी, ये रेस है. हलदी-कुंकू नहीं."

पण तुम्ही चिडायच्या त्याची मला खरी भीती. "काय गो, माज्या मागं मागं फिरतंस, मी काय वरात हाय?" तेव्हा रविवारच्या बायकांच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. कल्याण-डोंबिवलीच्या मुली यायच्या, एक बँकेतली बाई यायची. त्यांच्यात पुढेमागे व्हायचं, आपल्या दोघींत मात्र तुम्ही पुढे आणि मी मागे, कायम. तुम्हाला कप मिळायचा आणि तुम्ही तो घरी आणून त्यात लसूण ठेवायच्या. एकदा मी अभिनंदन केलं तर तुम्ही लसणाची पाकळी सोलता सोलता म्हणालात, "दिलेलं हाय ते. दिलेलं जिंकनं म्हंजे दुसऱ्याच्या ताटातला घास. तोंडात घेतला तरी जात नाय."

मी म्हटलं, "मी काही देत नाही हो. माझी मूठच सुटते."

"मंग धर ती मूठ."

तुमचे गुडघे त्या पावसाळ्यात फारच धरले. डॉक्टर आधीपासून सांगत होता, तुम्ही त्याला सांगितलंत दिवाळीनंतरची एक शर्यत होऊ दे. ती शेवटची आहे हे माझ्यापासून लपवलं असतंत तर बरं झालं असतं. पण तुम्ही आदल्या संध्याकाळी ओट्यापाशी येऊन उभ्या राहिलात, मी चहा टाकत होते. म्हणालात, "उद्याच्यानंतर मी गारीवर बसनार नाय. उद्या पन मागं राहिलीस, तर मी कोनाशी शर्यत लावली एवरी वर्सं, ते मना कधी कलनार नाय. आनि तुना पन नाय."

मी काहीतरी बोलायला गेले. तुम्ही कप घेऊन निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत मी तुमच्या मागे होते, नेहमीप्रमाणे. बांधाचं वळण आलं. जिथे आपल्या शेताचा मोठा बांध होता तिथलं ते, सगळ्यात अरुंद, जवळजवळ उलटं फिरणारं. तुम्ही बाहेरून आत यायला लागलात, तुमची ती खराट्याने पाठ केलेली वाट धरून. आत एक हातभर जागा होती. मी ब्रेक उशिरा दाबला, आत शिरले, आणि काय झालं ते मला वळण संपल्यावर कळलं. माझ्यापुढे कोणी नव्हतं. रिकामा रस्ता इतका रुंद असतो हे मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, तुम्ही मिठी माराल. निदान पाठीत धपाटा घालाल. तुम्ही आलात, हेल्मेट काढलंत, केसांतला घाम पुसलात आणि चारचौघांत म्हणालात, "लाईन माजी व्हती. तू कापलीस."

एवढी वर्षं मागे टाक, मागे टाक म्हणून डोकं खाल्लंत आणि टाकलं तर हे.

त्यानंतरचं भांडण काय वर्णावं. पंधरवडाभर तुम्ही माझ्या हातची भाजी घेतली नाहीत. मग बोलायला लागलात, तेही त्याच विषयावर. गणपतीत, बारशात, साखरपुड्यात. लोक नवऱ्यामुलीकडे बघत असायचे आणि तुम्ही पंगतीत चटणीची वाटी उचलून, "हा बांध, ही मी, आनि ही बया इकरून घुसली." मी म्हणायचे, आत जागा होती. तुम्ही म्हणायच्या, व्हती पन माजी व्हती. "जागा काय सात-बाऱ्यावर लागते का?" असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तुम्ही तीन गल्ल्यांत ऐकू जाईल असं हसलात आणि लगेच पुन्हा गंभीर झालात. "पन कापलीस."

खरं सांगू, मला ते भांडण आवडायला लागलं होतं. तुम्ही जितक्या चिडायच्या तितकी मी मनात उंच व्हायचे. धाकटी म्हणून उंबऱ्याबाहेर थांबलेली बाई मी, माझ्यावर थोरलीची वाट कापल्याचा आरोप होता. भोपळ्यासाठी फोन करणं कधी थांबलं, मला आठवतही नाही. यांनीच एकदा विचारलं, "हल्ली भोपळा आणत नाहीस का?" म्हटलं, आणते. कळवत नाही.

मग तुम्हाला अंबरनाथच्या दवाखान्यात ठेवलं, छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. नर्सने सांगितलं होतं, बोलू देऊ नका. तुम्ही पायावरच्या चादरीला चुण्या घातल्यात, एक चुणी उंच केलीत आणि बोटाने तिच्याभोवती वाट काढलीत. बोलला नाहीत, फक्त माझ्याकडे बघून भुवई उडवलीत. मी म्हटलं, "नाही. आत जागा होती." तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, काय हट्टी पोरगी आहे अशी. मी म्हटलं, "बऱ्या व्हा, ट्रॅकवर जाऊन दाखवते." मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. आभार म्हणावं तर तुम्ही म्हटलं असतंत, कशाचे गो, मी काय कर्ज दिलंय? म्हणून राहिलं. तो आपला शेवटचा संवाद, आणि त्यात तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत तरी भांडण तुम्हीच पुढे नेलंत.

आता रविवारचं ऐका.

तेरावं झाल्यावर परमानंदभाई घरी आला, दारातच उभा राहिला. "अम्मा के लिए बंद रखा था. अब खोलूँ?" म्हटलं, खोल. मैथिली म्हणाली, "छोटी आजी, आपण दोघी जाऊया ना. घरात नाही बसवत." दोघी गेलो. बायकांची छोटी शर्यत होती, कप वगैरे काही नाही.

मैथिली तुमच्यासारखी नाही आणि माझ्यासारखी तर मुळीच नाही. तिला मूठ सैल होणं माहीत नाही. तरी ती मला आजवर मागे टाकू शकलेली नव्हती, कारण मी आता तुमच्या वाटेवरून जाते. बाहेरून आत, आतून बाहेर, जिथे गाळ साचायचा ती जागा टाळून. शेवटच्या फेरीत मी बांधाच्या वळणाला आले, झुकले, आत यायला लागले. आणि माझ्या गुडघ्यापाशी एक चाक आलं.

जाऊबाई, बाहेरच्या गाडीवरून काहीच दिसत नाही. एवढी वर्षं मी भांडले ती आतल्या गाडीवर बसून. आतून जागा दिसते, हातभर, स्वच्छ. बाहेरून फक्त अचानक एक चाक दिसतं, आणि तेव्हा तुम्ही आधीच झुकलेल्या असता. तशाच झुकत राहिलात, तुमच्या हक्काच्या वाटेवर, तर दोघी जमिनीवर. विचार करायला वेळ नसतो. माझ्या हातांनी गाडी सरळ उभी केली आणि मी बाहेर गवतापर्यंत फेकली गेले, पडता पडता राहिले. मैथिली निघून गेली.

गवतात पाय टेकून उभी होते तेव्हा माझ्या बुटांना ओली माती लागली होती. आणि मला दिसलं, तुम्हीही त्या दिवशी गवतापर्यंत गेला होतात. तुमच्याही बुटांना अशीच माती होती. मी ती पाहिली होती आणि मला वाटलं होतं, तुमचा तोल गेला. धरलेल्या गुडघ्यांनी, त्या वयात, एका क्षणात तुम्ही गाडी उभी केलीत. माझ्यासाठी. नाहीतर त्या हातभर जागेत आपण दोघी आदळलो असतो आणि पुढची वर्षं मी हे भांडण तुमच्या फोटोशी करत असते.

लाईन तुमची होती. घ्या, म्हटलं. एकदाच म्हटलंय, पुन्हा मागू नका. आणि आत शिरले ती मी माझ्या हिमतीने शिरले, ते मात्र सोडणार नाही.

मला राहून राहून एवढंच कळेना, की मग तुम्ही हे सांगितलं का नाहीत. "मी गाडी उभी केली म्हणून तू वाचलीस," एवढं एक वाक्य. पंगतीतला वाद तिथेच संपला असता आणि जिंकल्या असतात तुम्ही.

मी गाडी ढकलत परत आले. मैथिली हेल्मेट काढून माझी वाट बघत होती. पुढे आल्याचा आनंद चेहऱ्यावर अर्धाच आला होता. अर्धा अडकला होता.

"छोटी आजी, एक सच बता," ती म्हणाली. "तू मला जागा दिलीस ना? तू एकदम सरळ झालीस. मला माहितेय, आजी गेली म्हणून तू मुद्दाम... बोल ना."

तिचा चेहरा बघितला आणि मला लसूण सोलता सोलता "दिलेलं हाय ते" म्हणणाऱ्या तुम्ही दिसलात, जाऊबाई. मी ग्लोव्ह्ज काढले, नीट एकावर एक ठेवले.

"जागा?" मी म्हटलं. "तुला मी जागा देईन? लाज नाही वाटत विचारायला? माझं चाक पुढे होतं, वळण माझं होतं, आणि तू रिक्षावाल्यासारखी मधे घुसलीस. हेच शिकवलं का तुला आम्ही?"

तिने कंबरेवर हात ठेवले. मग तिचा आवाज चढला. "कुछ भी मत बोल हां. आत एवढा गॅप होता! तू ब्रेक लवकर मारलास."

"मी? लवकर?"

"हो, लवकर! म्हातारी झालीयेस तू."

"म्हातारी तुझी सासू होईल. वाट कापलीस माझी."

परमानंदभाई चहाचे ग्लास घेऊन येत होता, तो मध्येच थांबला. मग ग्लास कठड्यावर ठेवून डोळे पुसायला पाठ फिरवून उभा राहिला. त्याला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक.

मैथिली घरी पोहोचेपर्यंत भांडत होती. मला मागे बसवून स्कूटर चालवत होती आणि दर सिग्नलला मान वळवून नवा मुद्दा मांडत होती. जिन्यात भांडली. आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, समोरच्या बिऱ्हाडाला सांगितलं, की छोटी आजीला मी मागे टाकलं आणि तिला ते सहन होत नाही. तुम्ही गेल्यापासून पोरीला इतकी खूश मी पाहिली नव्हती.